पुठ्ठा म्हणतो, थांब

४ जुलै, शुक्र.
मंगलकाकू आज पुन्हा डब्याचं विचारून गेल्या. साम्राज्यं बुडाली, त्यांचा जाब कुणी विचारला नाही. पण दहिवलीत शेजारणीचा स्टीलचा डबा अडकवून ठेवणाऱ्या बाईला क्षमा नाही. होळीच्या सुमारास त्यातून वालाचं बिरडं आलं होतं. बिरडं तासाभरात संपलं. डबा आहे, झाकण नाही. बिनझाकणाचा परत करता येत नाही, रिकामा तर नाहीच नाही. वर ठसठशीत 'सौ. मंगल' कोरलेलं, त्यामुळे आल्यागेल्याला फडताळातला चोरीचा माल लांबूनच दिसतो.
संध्याकाळी शेअरच्या नियमांचा पुठ्ठा पाहिला. खतवाली कंपनीचा भाव दहा आठवड्यांच्या तळाखाली. सोमवारी विकणे. तोट्यात. सलग नववा.

७ जुलै, सोम.
विकली.
सु. खालापूरहून शाळा सुटल्यावर आला, चप्पल काढायच्या आत : "नऊ झाले ना, रजू?" गणिताच्या मास्तराशी संसार केला की तोटा लपवायची सोय राहत नाही.
स्वतःला बजावण्यासाठी पुठ्ठा इथे पुन्हा उतरवते. साडीच्या खोक्याचा, फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला, अक्षर माझंच :
दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर बघणे. भाव वर्षातल्या सगळ्यात वरच्या टोकाला गेला तर सोमवारी घेणे. तो सोमवार चुकला तर विसरणे. घेतलेला दहा आठवड्यांच्या तळाखाली आला की विकणे. डोकं चालवू नये.
शेवटची ओळ सगळ्यात अवघड.
रसायनीची कंपनी बंद झाली, प्रयोगशाळेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीचे जे पैसे हातात आले, त्यातले अर्धे FDत, अर्धे पुठ्ठ्यावर. सु.ची अट : तीन वर्षं. तिसऱ्या दसऱ्याला पुठ्ठा FDच्या पुढे नसेल, तर तोही पैसा FDत आणि मी खोपोलीत कुठेतरी मिळेल ती नोकरी धरायची. मी हो म्हटलं होतं. तोऱ्यात.
येता दसरा तिसरा.

९ जुलै.
अजयचा पुण्याहून फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखं. "ताई, वर जाणाऱ्याच्या मागे जायचं, ही युक्ती आता आपोआप सौदे करणाऱ्या सगळ्या यंत्रांना ठाऊक आहे. तू शुक्रवारी चहा घेऊन बघतेस तोवर त्यांचं घेऊन-विकून झालेलं असतं. बाजार बदललाय गं."
मी : "माणसं बदलली का?"
तो : "माणसं आता बाजारात आहेत कुठे?"
फोन ठेवल्यावर सुचलेली तीन उत्तरं इथे लिहीत नाही. तिन्ही त्याच्या टकलाविषयी आहेत.
पण कुसळ रुतलं. पहिल्या वर्षी एकाच शेअरने बाकी सगळ्यांचा तोटा भरून काढला होता. तसा एक आता येतच नसेल तर?

११ जुलै, शुक्र.
पुठ्ठा म्हणतो, पंपवाली घे.

१४ जुलै, सोम.
घेतली नाही.
सव्वानऊला बाजार उघडला तेव्हा मोबाइल हातात होता. म्हटलं, दहावा तोटा आता नको. मग भाजी निवडली. इतकी बारीक कधी निवडली नव्हती.
सु.ला सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही. पुठ्ठा सांगेल ते मी करते, असं तो धरून चालतो.

२५ जुलै, शुक्र.
पंपवाली वर.

१ ऑगस्ट, शुक्र.
अजून वर. नियम असा की चुकला सोमवार विसरायचा. विसरायचंच तर रोज तिचा भाव कशाला बघते? शेजारच्यांच्या सुनेवर ठेवावी तशी नजर आहे माझी तिच्यावर.

८ ऑगस्ट, शुक्र.
हिशेब केला. करायला नको होता. पंपवाली घेतली असती तर नऊच्या नऊ तोटे भरून निघून वर FDला मागे टाकलं असतं. हाच तो एक. आला होता. मी भाजी निवडत होते.

१० ऑगस्ट, रवि.
नथूकाका-मंगलकाकूंबरोबर लोणावळ्याला, त्यांच्या पुतणीच्या मुलाचं बारसं. डब्याचा विषय जाताना एकदा, जेवताना एकदा.
येताना घाटात ठाकूरवाडीला गाडी थांबली. ना कोणी चढलं ना उतरलं. माकडं तेवढी आशेने आली. समोरचा एक गृहस्थ रेल्वेच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागला. नथूकाकांनी उभा जन्म या घाटात इंजिन चालवलं. ते त्याला म्हणाले, "बसा की निवांत. ब्रेक लागतोय का ते दाखवल्याबिगर खालची वाट मिळत नाय."
मी विचारलं, म्हणजे कसं?
"अगं, रुळांचा सांधा आधीच दुसरीकडं लावलेला आसतो. त्या चढावर. गाडी उभी ऱ्हायली, मगच तो फिरवून सरळ वाट देतात. ब्रेक गेलेली गाडी आली तर ती चढावर जाते नि आपसूक थांबते. मान्सं वाचतात."
"तुम्ही किती वेळा गेलात चढावर?"
"येकदा पन नाय."
"मग एवढी वर्षं फुकटच थांबलात."
"फुकट कशानं? पगार चालू होता ना!"
मंगलकाकू : "घरी कधी थांबले नाय, तितं बरे थांबायचे."
हसून झाल्यावर मी विचारलं, की इंजिनं तर किती बदलली. काका म्हणाले, "तीन परकारची आली माझ्यासमोर. दर टायमाला कुनीतरी सांगायचा, आता ब्रेक लय भारी, थांबायची गरज नाय उरली."
"मग?"
"मग काय? घाट तेवढाच हाय."
हे मनात धरून बसले. जरा वेळाने म्हटलं, "काका, बाजाराचा घाट तेवढाच आहे का, ते कसं कळायचं?"
"ते मला नको इचारू, रजनी. माझा पैसा पोस्टात हाय."

१५ ऑगस्ट, शुक्र.
बाजाराला सुट्टी. सु. झेंडावंदन करून आला, पांढरा सदरा, खिशाला कागदी झेंडा. त्याला सांगून टाकलं. पंपवाली, चौदा जुलै, भाजी, सगळं.
 मास्तर जागा झाला. "म्हणजे सिस्टिम चुकली नाही. तू चुकलीस."
"हो."
"मग दसऱ्याला मी मार्क कुणाला द्यायचे?"
 तीन वर्षं पुठ्ठ्याची परीक्षा चालली होती, आणि ऐन मोक्याला त्याच्या जागी मी पेपर लिहून आले. आता तो बदललेल्या बाजारात टिकतो की नाही, हे या दसऱ्याला कळायचंच नाही.
म्हटलं, हिशेबात पंपवाली धरायची नाही. घेतली नाही ती घेतली नाही. आणि मुदतवाढही मागत नाही.
"मागू नकोसच," म्हणाला. पण चहा त्याने केला.

२२ ऑगस्ट, शुक्र.
पुठ्ठ्याला विनोदबुद्धी आहे. आज म्हणतो, रसायनवाली घे. कोणती रसायनवाली? आमच्याच मालकांची दुसरी कंपनी! ज्यांनी आमच्या गेटला कुलूप घातलं ते. त्यांच्या मालाची शुद्धता मी बावीस वर्षं तपासली. त्यांच्या शब्दाची तपासायला हवी होती.
या धंद्यातलं मला कळतं. यंदा मागणी नाही, हेही कळतं. म्हणजे डोकं चालवायला भरपूर सामान आहे.

२५ ऑगस्ट, सोम.
सव्वानऊ. घेतली. रागारागाने.
भाजी नंतर निवडली. दोन अळ्या राहिल्या. सु. म्हणाला, "आज नियम पाळलेला दिसतोय."

१२ सप्टें., शुक्र.
रसायनवाली खाली. तळाच्या वरच आहे, म्हणजे थांबणे. थांबले.
अजय : "तोडून टाक, ताई." म्हटलं, तुझं लग्न ठरत होतं तेव्हाही तू हेच म्हणत होतास.

१९ सप्टें., शुक्र.
होती तिथेच.
झाकणासाठी पलंगाखाली, माळ्यावर, गॅसच्या टाकीमागे शोध. दोन वर्षांपूर्वीची माझी किसणी सापडली.

२६ सप्टें., शुक्र.
रसायनवाली वर. बऱ्यापैकी. हिशेब मांडला : FDच्या अजून खाली. पण थोडीच.
तीन वर्षांचे कागद काढून वाचले. नियम मोडला तो एकदाच. ब्रेक न दाखवता मीच पुढे गेले, आणि दोष मात्र घाटाला देणार होते. दसऱ्याला काहीही ठरो, एक पक्कं : पुठ्ठा दारावर आहे तोवर दर सोमवारी तो म्हणेल तेच. खोपोलीत नोकरी लागली तरी सव्वानऊला पाच मिनिटं मागून घेईन.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.
बाजार बंद. रसायनवाली वरच. FDला गाठलेलं नाही. पुठ्ठा म्हणतो, थांब. अट म्हणते, संपलं.
सकाळी सु.ने दाराला तोरण बांधलं, मग फडताळ उघडून पुठ्ठ्यासमोर उभा राहिला. मी पाटावर पुस्तकं मांडत होते. 
"दसरा आला," म्हणाला.
"हो. अट तुझी. काढ."
कोपऱ्याची चिकटपट्टी सुटली होती. तिच्यावर त्याने अंगठा ठेवला. ती ओढायला की दाबायला, मला दिसलं नाही. मग त्याने चहापत्तीचा डबा काढला आणि पुठ्ठा न काढताच दार लावून घेतलं. पट्टी मी अजून बघितलेली नाही.
अकराला गावच्या बाजारात जाऊन आले. झाकण काही सापडायचं नाही. दहा आठवडे केव्हाच उलटले, पुठ्ठ्याने हा व्यवहार कधीच मिटवला असता. भांड्यांच्या दुकानात त्याच मापाचा नवा डबा घेतला. मशीनवाला म्हणाला, "नाव काय टाकू?" म्हटलं, "सौ. मंगल. ठसठशीत." घरी येऊन नाचणीचे लाडू भरले, काठोकाठ.
मंगलकाकू झेंडूच्या माळा ओवत होत्या. डबा ओट्यावर ठेवला, वर दोन आपट्याची पानं. त्यांनी नावावरून बोट फिरवलं, झाकण दाबून पाहिलं. मग ओवलेली एक माळ माझ्या हातात दिली.