राजाची एक उडी

मंगळवार, ८ जुलै
ज्याला फारसे सांगण्यासारखे नाही, त्याने रोजनिशी लिहू नये, असे माझे मत. तरीही बसले आहे; हा आगाऊपणा माझा मलाच पोटात घालावा लागेल. कारण एवढेच : कॉलेजच्या बुद्धिबळ संघासाठी ऑनलाइन रेटिंग पंधराशे हवे, आणि नाव शनि. १९ पर्यंत क्रीडाशिक्षकांना पाठवायचे. माझे रे. १४५२. संघाची कप्तान सानिका जिन्यात भेटली. "बारावीला मराठीत पहिली आलीस ना गं? मग एवढ्याशा गुणांना काय घाबरतेस?" 

गुरु. १०
तीन डाव, तिन्ही हरले. रे. १४३०. प्रत्येक वेळी राजा पटाच्या मध्यावरच सापडला. आईने मोबाइलला दोष दिला, मग माझ्या चष्म्याला. मला दिला नाही, हे तिचे प्रेम.

शुक्र. ११
कॅन्टीनमध्ये सानिकाने हरलेले डाव पाहिले. "यार, कॅसलिंग का करत नाहीस? राजा कोणाची वाट बघतोय?"
मी म्हणाले, वेळ आली की उडी मारेल.
"कसली उडी?" तिने विचारले, आणि मग माझे मलाच उमगले. घरी बाबा नि मी खेळतो ते आजोबांनी गिरणीच्या चाळीतून आणलेल्या नियमांनी. त्यांत राजाला शह बसेपर्यंत एकदा घोड्यासारखी उडी घेता येते, राजाला हत्तीआड कोपऱ्यात नेणारे कॅसलिंग नाहीच. स्पर्धेचे नियम मला तोंडपाठ आहेत. हाताला मात्र अजून त्या उडीचा भरवसा वाटतो.

शनि. १२
बाबांना सांगावे की नाही... शेवटी सांगितले. ते चारकोपच्या कारखान्यातून नुकतेच आले होते. वाटले, दुखावतील. पण त्यांनी हातपाय धुऊन पट मांडला. म्हणाले, आजपासून तुझे नियम. आणि थोड्याच चालींत स्वतःच राजाला उडी मारून बसले. मी हळूच सांगितले, चालत नाही.
"हयसर राजा उडी मारना नाय? मगे तो राजा कसलो गो?"
बाबांनी राजा परत जागेवर ठेवला, ते डाव हरले, आणि लगेच दुसरा मांडला.

मंगळ. १५
रे. १४७१. प्रत्येक डावात कॅसलिंग वेळेवर. बाबाही करू लागले आहेत. हत्ती दोन्ही हातांनी उचलतात, घरातले कपाट सरकवावे तसा. आई म्हणाली, पाठ सांभाळा. फार हसलो.

शुक्र. १८
दुपारी रे. १५०३! सानिकाला लगेच स्क्रीनशॉट पाठवला. तिचे उत्तर : झकास, आता हात लावू नकोस. पण थांबवेना. समोर कोणी अनोळखी, माझ्याहून पुष्कळ वरचा. डाव लांबला. माझा राजा सुरक्षित, हत्ती मोकळे. शेवटी त्याचे एक प्यादे माझ्या प्याद्याआधी पलीकडे पोहोचून वजीर झाले. हरले. रे. १४९६. वाईट वाटायला हवे होते. बाबांना सगळा डाव पटावर मांडून दाखवला. चहा निवला, तरी त्यांनी घेतला नाही.

शनि. १९
सानिकाचा फोन. म्हणाली, कालचा स्क्रीनशॉटच सरांना पाठव. काल होतं ना तेवढं, मग खोटं कुठे आहे? तिचे म्हणणे चूक नाही. बाबा म्हणाले, पाचपर्यंत वेळ आहे, एक डाव जिंकलीस तर होतील पुरे. तेही खरे. पण नुसत्या आकड्यासाठी घाईघाईने कोणाला तरी हरवायचे, हे मनाला पटेना. सरांना लिहिले :

"माझे रेटिंग १४९६ आहे. काल काही वेळ १५०३ होते. त्यानंतर हरलेला डाव सोबत जोडत आहे. मी आजवर खेळलेला सर्वांत चांगला डाव तोच आहे. तो पाहून संघात घेण्याचा विचार व्हावा, ही विनंती."

बाबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "धाड."

पाठवले : शनिवार, दि. १९ जुलै, दुपारी ४ वाजून १२ मिनिटे.