व्हर्ननचा वीस इंची दंड

३ मार्च १९६७

आमच्या व्यायाम-मासिकाच्या मे महिन्याच्या मुखपृष्ठासाठी पहिलवान व्हर्ननचा दंड मोजला. पावणेएकोणीस! मी सवयीने 'वीस' लिहून मोकळा झालो; मागच्या अंकातही वीसच छापला होता. आमच्या धंद्यात इंचभर चढवून छापायची रीतच आहे. शिकागोचा क्राऊस तर त्याच्या मासिकात दोन-दोन, तीन-तीन चढवतो, लबाड! दंड भरदार दिसला की आमचे प्रोटीनचे डबे खपतात, एवढं साधं आहे.

व्हर्नन आरशात बघत म्हणाला, "बॉस, हा वीस वाटतो?" म्हटलं, "वाटतो रे बाबा, तेल लाव आणि उभा राहा!"

९ मार्च

आज व्हर्नन बारबेलला हात न लावता नुसताच बाकावर बसून राहिला. "झोप नाही झाली," म्हणे. खोटं बोलताना कान चोळतो हा. आजही चोळत होता.

१४ मार्च

लोरेटा — व्हर्ननची बायको — नेवार्कहून बसने ऑफिसात आली. कॉफी नको म्हणाली, बसलीही नाही.

"बारानिकसाहेब, तो दंड फुगवायच्या गोळ्या खातो. मूठ-मूठ! यकृत सुजलंय. डॉक्टर म्हणाले, बंद केल्या नाहीत तर जिवावर बेतेल."

मी म्हटलं, मी तर त्याला कधी गोळी दिली नाही.

"आकडा दिलात ना! रोज उठून टेप लावतो आणि तुमच्या मासिकातल्या आकड्याशी ताडून बघतो. म्हणतो, कुणी खरंच मोजायला आलं तर तोंड कुठे लपवू?"

अहो, आमच्यातला कुणी हे आकडे मनावर घेतो का? हा एकटाच घेतो, कारण ते मी छापलेत. ती गेल्यावर दार लावून रडलो. बायकोने, इर्माने, डब्यात दिलेलं कोबीचं सूप तसंच राहिलं.

१५ मार्च

ठरलं. खरा आकडा छापायचा. छापखान्यातून गसचा फोन — "लिओ, डोकं ठिकाणावर आहे ना? सगळ्यांचे पहिलवान वीस-एकवीस, आणि तुझाच लुंगासुंगा?" म्हटलं, तू छाप!

१७ एप्रिल

अंक स्वतः व्हर्ननच्या घरी नेऊन दिला. म्हटलं, "आहेस तसा छापलाय तुला. आता तरी त्या गोळ्या फेकून दे." लोरेटाने माझा हात घट्ट धरला. तो मात्र आकड्याकडे बघत राहिला.

"अख्ख्या देशात नाक कापलंत माझं, बॉस."

चिडून बोलला असता तर बरं वाटलं असतं. आत गेला तो बाहेर आलाच नाही. समजेल त्याला. थोडे दिवस जाऊ देत.

२६ एप्रिल

फोन घेत नाही.

६ जून

क्राऊसचा अंक आला. मुखपृष्ठावर माझा व्हर्नन! खाली ठळक अक्षरांत — साडेएकवीस इंच. देवा, हा आता तेवढा करायला जाईल.