श्वास न पुसता

४ फेब्रुवारी

कॉन्व्हेंट शाळेतल्या संगीताच्या खोलीत आम्हा दोघींना मिळून एकच स्टूल होतं. ताई डावीकडे, मी उजवीकडे, दोघी अर्ध्या अर्ध्या टेकलेल्या. माझा एक पाय कायम अधांतरी. पियानो एक आणि शिकणाऱ्या मुली ढीगभर, म्हणून मदरनी बहिणींना जोडीने बसवायचं ठरवलं – डावा हात थोरलीचा, उजवा धाकटीचा. तेवढेच हात शिकलो. दोघी मिळून एक वादक!

ताल धरणारं टकटक यंत्र ताईच्या हातून पडलं, ते त्याच खोलीत. काटा एका बाजूला मान टाकून बसला तो बसलाच. मदर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता मोजायचं नाही. थोरली श्वास घेईल, की धाकटीने वाजवायचं." लगेच ताईने नाकाने श्वास घेतला – मुद्दाम, म्हशीसारखा! मी हसत हसतच वाजवलं. तिच्या वेणीला साबणाचा वास येत होता. बाहेर कुणी तरी दोरीवरच्या उड्या मारत होतं. एवढंच. काही विशेष नव्हतं त्या दुपारी.

आज आठवण्याचं कारण – आमचा पियानोचा कार्यक्रम लवकर संपला. विंगेत भाचा (ताईचा मुलगा, आमचा सगळा दौरा तोच बघतो) घड्याळाकडे बघत उभा. "मावशी, एखादी रचना गाळलीत का?"

नाही रे. एकही नाही.

५ फेब्रुवारी

ताई हॉटेलात दुपारची झोपली आहे. मी तिचे श्वास ऐकते आहे. तोकडे झाले आहेत.

९ फेब्रुवारी

पुन्हा लवकर संपला. 'धुकं' ही आमची सगळ्यात संथ रचना – आज घाईघाईने जिना उतरल्यासारखी झाली. मी घाई केली नाही. ताईनेही नाही. तिचा श्वासच लवकर येतो, आणि श्वास आला की माझा हात पडतो. दुसरं काही मला येतच नाही.

लोकांना कळत नाही. ते डोळे मिटून बसतात. काही तर घोरतात! ताई म्हणते, "चिमणे, तिकीट काढून झोपायला येणारे लोक आपल्याच नशिबी." साठी उलटली तरी मी तिची चिमणीच.

'निवळ' हा अल्बम भाच्याने आमच्या बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड केला. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता पियानो. आणि ताईचा श्वास. भाचा तो पुसून टाकणार होता, ताईने दम दिला – "पुसलास तर जेवायला येऊ नकोस." राहिला. आणि लोकांना तोच आवडला! आज एक बाई भेटायला आल्या. आजारी सासूबाईंच्या खोलीत त्या रोज 'निवळ' लावतात. "तो श्वास येतो ना, तिथे आम्ही दोघीही श्वास घेतो. मग त्यांना झोप लागते." ताई लाजली. "अहो, तो माझा दमा समजा!"

दमा नाही तो. मला माहीत आहे.

१२ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे ओढून नेलं. फुप्फुसं कडक होत चालली आहेत, स्पंज वाळतो तशी. प्रवास नको, जिने नकोत, कार्यक्रम तर नकोतच. पुढे काय, असं मी विचारलं. डॉक्टर पेनाचं टोपण लावू लागले.

रिक्षात मी म्हटलं, दौरा रद्द. ताई भडकली. "घरी बसून काय करू? तुझं तोंड बघू? ते बघितलंय मी जन्मभर." मग हळूच, खिडकीबाहेर बघत म्हणाली – "एक लक्षात ठेव. मला त्या टकटक यंत्रावर ठेवू नकोस. मोडलंय मी ते एकदा."

मी हसले. तिला वाटलं मला कळलं नाही.

१५ फेब्रुवारी

मी वाट बघत बसले.

१६ फेब्रुवारी

काल पुढे लिहवेना. आज लिहिते, कुणाला तरी सांगायला हवं.

शेवटची रचना, 'निवळ'मधलीच, 'परतताना'. मधे एक लांब विसावा आहे. ताईचा खालचा स्वर विरतो, ती श्वास घेते, मी वाजवते. काल स्वर विरला. श्वास आला नाही. माझं बोट पट्टीवर टेकलेलं. डोळे मिटलेले – मदरनी तसंच शिकवलं, बघायचं नाही, ऐकायचं. मी ऐकत राहिले. वाटलं, आज किती छान ताणते आहे! किती दिवसांनी एवढा लांब विसावा! सगळं सभागृह गप्प, कुणी खोकलंसुद्धा नाही. मला आनंद झाला होता. पुन्हा लिहिते – मला आनंद झाला होता!

मग तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. तरी मला वाटलं, माया करते आहे.

भाचा विंगेतून धावत आला. "मावशी, आई! अगं आईकडे बघ!"

जगात दुसरं कुणीही असतं तर वळून बघितलं असतं. मी वाट बघत बसले.

१७ फेब्रुवारी

व्हेंटिलेटर. गुंगीचं औषध. काचेतून बघायचं.

२० फेब्रुवारी

आता आत बसू देतात. इथली नर्स बारीक चणीची, सदा कुडकुडणारी. "काकू, या खोलीत पेशंट बरे होतात आणि आम्ही आजारी पडतो." ताईची राखाडी शाल तिच्या खांद्यावर टाकली. ती नको नको म्हणाली आणि गुरफटून बसली.

यंत्र ताईला श्वास देतं. आत, बाहेर. आत, बाहेर. सगळे सारखे. पांघरुणावर बोटं ठेवून 'धुकं' वाजवून बघितलं. जमेना. हा श्वास कशासाठी थांबत नाही, कशाने दचकत नाही. याच्यात ताई नाही.

"काय टाइप करताय, काकू?" नर्स म्हणाली.

२२ फेब्रुवारी

दौऱ्याचा शेवटचा कार्यक्रम याच शहरात, सव्वीसला. भाच्याने संगीत महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांना आणलं. भला माणूस. डावा हात एका बैठकीत बसवला, एक चूक नाही. पण दोघे मिळून वाजवायला बसलो आणि मी गोठले. ते मनात मोजतात, श्वास आवाज न करता घेतात. शेवटी बिचारे मुद्दाम नाकाने सूं सूं करू लागले! मला हसू आलं, मग रडू आलं, आवरेना. त्यांनी पियानोचं झाकण हलकेच लावलं. "बाई, हात मी देईन हो. छाती कुठून आणू?"

भाचा म्हणाला, रेकॉर्डिंगमधला डावा हात वेगळा काढून लावू, तू वर वाजव. लावून बघितलं. ताई स्पष्ट, ताजी, जणू शेजारीच बसलेली. मी एका ठिकाणी अडखळले – ती थांबली नाही. पुढे निघून गेली. आयुष्यात कधी मला टाकून पुढे गेली नव्हती.

"बंद कर, बंद कर!" मी ओरडले म्हणे.

२४ फेब्रुवारी

डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. फुप्फुसं सुधारणार नाहीत. गळ्याला भोक पाडून कायमचं यंत्रावर ठेवता येईल, किंवा गुंगी उतरवून नळी काढता येईल. काढली तर ती घेईल तेवढे श्वास तिचे.

भाचा पार कोसळलाय. "मावशी, तूच सांग. मीच तिला गावोगाव फिरवली. मला काही विचारू नकोस."

मी म्हटलं, ठेवा यंत्रावर.

म्हटलंच मी तसं. ती काय म्हणाली होती ते मला आठवतं, शब्द न् शब्द आठवतो. पण ती नसेल तर मी काय आहे? एक उजवा हात! देवा, शाळेतल्या गुडघे टेकून केलेल्या सगळ्या प्रार्थना आठवून बघितल्या. एकही पुरी होत नाही, मधेच विसरते. पडून राहू दे, बोलली नाही तरी चालेल, पण असू दे. माझ्यासाठी असू दे.

भाच्याने डॉक्टरांकडून दोन दिवस मागून घेतले.

२६ फेब्रुवारी

वाजवायला गेलेच नव्हते. लोकांची माफी मागून परत यायचं होतं. पण सभागृह भरलेलं, आणि रंगमंचावर आमचं घरचं स्टूल – भाचा ते प्रत्येक गावी नेतो. माझ्या बाजूला, अर्धी, टेकले. पाय दमले म्हणून.

मग वाटलं, बसलेच आहे तर ताईची जागा तेवढी मोकळी दाखवावी. 'परतताना'चा नुसता उजवा हात सुरू केला. भुताटकी वाटत होती, छत नसलेलं घर. कसाबसा तो विसावा आला. बोट पट्टीवर. आणि मी पुन्हा तशीच, वाट बघत. कळत होतं की आता काही येणार नाही. बोट उचलून उठून जावं, एवढंच उरलं होतं.

तेव्हा सगळ्या सभागृहाने श्वास घेतला.

एकदम. ताई घ्यायची तिथे, ताई घ्यायची तेवढा. एवढी माणसं, घरोघरी रोज 'निवळ' ऐकून त्यांच्या छातीत बसला होता तो! कुणी ठरवलेलं नव्हतं. माझा हात आपोआप पडला.

पुढच्या प्रत्येक विसाव्याला त्यांनी श्वास दिला. रचना पुरी झाली. पूर्ण लांबीची.

तिथून थेट हॉस्पिटलात. यंत्र चालूच होतं, आत, बाहेर. ताईच्या कानाशी गेले आणि म्हटलं, "लोकांनी ठेवलाय गं तुझा. तू सोडलास तरी चालेल."

मग बाहेरच्या बाकावर झोपलेल्या भाच्याला उठवलं.

२७ फेब्रुवारी

सकाळी नळी काढली. ताई स्वतः श्वास घेते आहे – लहानसा, वाकडा, तिचा. एकदा तर म्हशीसारखा! किती वेळ, ते डॉक्टर सांगत नाहीत.

नंतर मला बोलता येणार नाही, म्हणून इथेच लिहून ठेवते, भाच्याला वाचायला देईन. घरचा पियानो शाळेला. आमचं स्टूल प्राध्यापकांना; त्यांना म्हणावं, डावीकडे बसा आणि उजवीकडे कुणाला तरी बसवा. राखाडी शाल नर्सकडे आहे, ती परत मागू नये. मूळ रेकॉर्डिंग भाच्याने स्वतःपाशी ठेवावं, श्वास न पुसता.

माझा उजवा हात ताईला. पलंगाच्या कडेवर ठेवला आहे. ती श्वास घेईल, की मी वाजवीन.