मी घातलेलं गणित

सोमवार, ७ जुलै. सकाळ.
ठरलं. आजपासून लेकीचं बीजगणित मी घेणार. मागच्या चाचणीत वीसपैकी चार. शुक्रवारी फेरचाचणी. त्यात दहाच्या खाली आली तर तुकडी बदलणार, म्हणजे बालवाडीपासूनच्या मैत्रिणीशेजारचा बाक गेला. पोर धड जेवत नाही.

बायको म्हणाली, दादाला सांगू या. दादा म्हणजे तिचा भाऊ. समोरच्या इमारतीत राहतो, कॉलेजात गणित शिकवतो आणि कशालाही 'सोपं आहे' म्हणतो. आमचा बंद मिक्सर उघडतानाही म्हणाला होता. दुर्दैवाने तो मिक्सर सुरू झाला.

मी म्हटलं, काही गरज नाही. इतकी वर्षं चष्म्याचं दुकान चालवतोय, दिवसभर अधिक दोन नि वजा तीन हेच. गणित माझ्या हातचा मळ आहे.

सोमवार. संध्याकाळ.
धडा: वर्ग त्रिपदीचे अवयव. आमच्या वेळी हे नसावं, किंवा त्या दिवशी मी गैरहजर असेन. पद्धत लेकीकडूनच काढून घेतली. x² + 5x + 6. असे दोन आकडे शोधायचे की गुणाकार सहा आणि बेरीज पाच. दोन आणि तीन! उत्तर (x + 2)(x + 3). हात्तिच्या! मला हे येतच होतं, फक्त आठवत नव्हतं.

ती समजावत होती, मी मान डोलावत होतो. शिकवणं शिकवणं म्हणतात ते हेच.

मंगळवार, ८ जुलै.
दुकानात सराव. x² − x − 6. वजा कुठे टाकायचा यात सकाळ गेली. तेवढ्यात रिटायर्ड पोस्टमास्तर तणतणत आले. नव्या चष्म्यातून पेपरचं अक्षर दिसत नाही म्हणे. तपासला. अधिक दोनच्या जागी वजा दोनच्या काचा. म्हटलं, नवीन चष्मा आहे, सवय व्हायला वेळ लागतो, बसा. आत जाऊन गुपचूप काचा बदलल्या. त्यांना लगेच सवय झाली.

उत्तर शेवटी आलं: (x − 3)(x + 2).

संध्याकाळी शिकवणी. तिने गणितं सोडवली, मी चहा केला. मस्त झालाय म्हणाली. प्रगती आहे.

बुधवार, ९ जुलै.
पुस्तकातली गणितं फारच बाळबोध. शिवाय उत्तरं मागे छापलेली. आज अंघोळ करताना स्वतःचं गणित सुचलं: x² + 5x + 7. सहाच्या जागी सात, बाकी सगळं तेच. लेकीला दिलं आणि म्हटलं, हे सुटलं की शुक्रवार खिशात.

गुरुवार, १० जुलै. सकाळ.
सुटलं नाही. काल जेवणापर्यंत बसली होती. एक नि सात, वजा एक नि वजा सात, पुन्हा एक नि सात. तुझं लक्षच नाही म्हणून मी जरा आवाज चढवला. तिने पेन्सिल खाली ठेवली.

"बाबा, मला गणित येतच नाही. मी जाते दुसऱ्या तुकडीत."

आणि रडली. बायकोने विचारलं, तुम्हाला तरी सुटतंय का? म्हटलं, मी सोडवून तिला काय फायदा?

गुरुवार. दुपार.
दुकान लवकर बंद केलं. सुटत नाहीये. अपूर्णांक लावून पाहिले.

गुरुवार. संध्याकाळ.
बायकोने मला न विचारता भावाला बोलावलं. त्याने चपला काढता काढताच कागद पाहिला.

"याचे अवयव पडतच नाहीत. कुठल्या गाढवाने घातलंय हे?"

मी पंख्याकडे बघत राहिलो. लेकीने एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "पुस्तकात छापायची चूक असेल, मामा." पुस्तक तिच्या मांडीवर होतं. उघडलं मात्र नाही.

मेव्हणा तिला म्हणाला, गुणाकार सात येणाऱ्या जोड्या तू सगळ्या लिहिल्यास, बेरीज कुणाचीच पाच नाही, म्हणजे तुझं बरोबरच होतं की. तिचा चेहरा असा उजळला! मला एकदम भरून आलं, म्हणून चहा टाकायला उठलो.

शुक्रवार, ११ जुलै.
पेपर सोपा गेला म्हणते. जाणारच. माझ्या गणितापुढे शाळेचं गणित ते काय!

सोमवार, १४ जुलै.
वीसपैकी सतरा! बाक शाबूत! मैत्रीण घरी येऊन नाचून गेली. दुकानात येईल त्याला माझी पद्धत समजावली. पोस्टमास्तर चष्मा पुसत राहिले.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, उद्यापासून पुढचा धडा, मी गणितं घालून ठेवतो. ती जवळ येऊन बसली आणि मी पोस्टमास्तरांशी बोललो होतो त्याच आवाजात म्हणाली,

"बाबा, पुढचा धडा मामाला घेऊ दे ना. तू चहा कर. तो तुला खरंच जमतो."

पूर्ण विचार करून परवानगी दिली. उद्या सहाला पहिला तास. मेव्हण्याला बिनसाखरेचा, लेकीला दोन चमचे.

सोपं आहे.