कुलदैवताचं नाव

ट्रॉय, मिशिगन
१२ ऑक्टोबर २००८

प्रिय प्रल्हादकाका,

तुमचं पत्र दहा दिवसांपूर्वी मिळालं. हाताने लिहिलेली पत्रं मला पाठवणारे आता तुम्ही एकटेच उरलात. पाकीट फोडायच्या आधीच माहीत असतं, की कागदाच्या माथ्यावर मधोमध, दोन्हीकडे दोन-दोन उभ्या रेघा मारून, तुमच्या कुलदैवताचं, कनकादित्याचं नाव असणार. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं, किराणा सामानाच्या यादीवरसुद्धा देवाचं नाव कशाला? तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "सुचे, अगं हात आपोआप चालतो. नाव घातल्याशिवाय पुढचं अक्षर उमटत नाही." मी मात्र आज वर काहीच न घालता सुरुवात केली आहे. चालवून घ्या.

आधी बातमी. तुमच्या सुशांतचा फोन आला होता. बाळ नऊ पौंडांचं आहे, निधी बरी आहे. फ्रीमाँटच्या त्या टाउनहाऊसमध्ये तुमच्यासाठी खालची खोली रिकामी करून ठेवली आहे, म्हणजे काकूंना जिने चढायला नकोत. बारसं तुमच्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबवलं आहे, आणि नाव तुम्हीच ठेवायचं असं दोघांचं ठरलं आहे. पोरगा वेडा आहे तुमच्यासाठी. इकडे मात्र दिवस वाईट आहेत. मोटारींचे कारखाने धडाधड माणसं काढताहेत, आमच्या गल्लीतली तीन घरं विक्रीला लागली आहेत. माझी नोकरी अजून आहे. अदिती आठ वर्षांची झाली. मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तरं इंग्रजीत देते.

तुम्ही लिहिलं आहे, की सुशांतपेक्षा माझं निमंत्रणाचं पत्र जोडलेलं बरं, कारण मी आता इथली नागरिक झाले आहे आणि नागरिकाच्या पत्राला वजन असतं. ते खरं की खोटं मला माहीत नाही. पण तुम्ही माझ्याकडे काही मागितलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. आजवर देत आलात ते तुम्हीच.

केवढं दिलंत! बाबा आणि तुम्ही एकाच खात्यात, एकाच दिवशी रुजू झालात, तुम्ही वरच्या पदावर गेलात तरी रविवारचं जेवण आमच्याकडेच. शहाण्णवच्या नोव्हेंबरात बाबांच्या विरुद्ध निनावी अर्ज गेला, घरावर धाड पडली. मी नुकतीच इथे शिकायला आले होते. देवघराखालच्या कप्प्यात, जुन्या पंचांगांच्या मागे, आईने माझ्या पुढच्या सहामाहीची फी साठवून ठेवली होती. ती लाच म्हणून जप्त झाली आणि बाबा निलंबित झाले. सगळ्या ऑफिसने पाठ फिरवली. एकटे तुम्ही येत राहिलात. चौकशीसाठी बाबांचे जबाब तुम्ही लिहून द्यायचात, कारण बाबांना पंपाचं सगळं कळायचं पण सरकारी भाषेत चार ओळी लिहिता यायच्या नाहीत. आई म्हणायची, "प्रल्हादभावजी आहेत म्हणून आपण उभे आहोत."

चौकशी पाच वर्षं चालली. २००१ च्या ऑक्टोबरात बाबा गेले. तेव्हा माझी नोकरी जाऊन चार दिवस झाले होते. व्हिसा नोकरीवरच होता, या देशाबाहेर पाऊल टाकलं असतं तर परत येता आलं नसतं. कुमार म्हणाला, अदितीला मी सांभाळतो, तू जा, पुढचं पुढे बघू. मी गेले नाही. बाबांना अग्नी तुम्ही दिलात, काका. मी तुम्हाला आईच्या पत्त्यावर आठ पानांचं पत्र लिहिलं होतं, आठवतं? तुमचे उपकार सात जन्मांत फिटणार नाहीत, असं त्यात लिहिलं होतं. आईने ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही ढसाढसा रडलात म्हणे. तुम्ही का रडलात, याचा मी गेले सहा महिने विचार करते आहे.

कारण या एप्रिलमध्ये इथल्या पेपरात एक छोटी बातमी आली. आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर पंप बनवणारी एक कंपनी आहे. तिने कोर्टात कबूल केलं, की शहाण्णव ते दोन हजार चार या काळात आपण परदेशी सरकारी अधिकाऱ्यांना लाच देऊन कंत्राटं मिळवली. अमेरिकन कंपनीने बाहेरच्या देशात लाच देणं हा इथे सत्त्याहत्तर सालापासून गुन्हा आहे. पूर्वी कुणी फारसं बघत नसे, आता बघतात. कबुलीजबाब न्याय खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही वाचता येतो. मी तो जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या प्रिंटरवर छापला, कारण त्यात महाराष्ट्रातली एक पाणीपुरवठा योजना होती आणि ती बाबांची होती.

नावं नसतात हो त्यात. घेणारे सगळे 'अधिकारी एक', 'अधिकारी दोन'. हा कायदा देणाऱ्याला धरतो, घेणाऱ्याला नाही. कंपनीने दंड भरला, तो अमेरिकेच्या तिजोरीत गेला. दुष्काळी तालुक्यातल्या ज्या गावांत ते पंप दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडले, त्यांना एक पैसा नाही. संयुक्त राष्ट्रांनी भ्रष्टाचाराविरुद्ध मोठा करार केला आहे, भारताने त्यावर तीन वर्षांपूर्वी सहीसुद्धा केली. पण नुसती सही, मंजुरी अजून बाकी आहे. मी हे सगळं शोधून शोधून वाचलं आणि माझं डोकं तडकलं. समुद्राच्या या बाजूला गुन्हा, त्या बाजूला निवृत्तीवेतन.

पण सतरावं पान वाचलं आणि मी खुर्चीवरून उठले. मे सत्त्याण्णव. 'अधिकारी दोन आणि त्यांची पत्नी' यांना कारखान्याच्या तपासणीसाठी अकरा दिवस अमेरिकेत आणलं. त्यातली तपासणी चार तासांची. बाकीचे दिवस फिरणं, खरेदी आणि नायगारा.

नायगाऱ्याला तुम्हाला मी नेलं होतं, काका. वर्गमैत्रिणीची खटारा गाडी मागून घेतली होती. माझ्याकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता म्हणून अख्ख्या लेक ईरीला वळसा घालून गेलो. काकूंनी नऊवारी नको म्हणून पाचवारी नेसली होती आणि खाली पांढरे बूट घातले होते. बफेलोच्या अलीकडे गाडी थांबवून आपण दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. मी खूश होते. घरचं माणूस भेटलं होतं मला, दहा महिन्यांनी. वाटेत तुम्ही मला एक जाड कोट घेऊन दिलात आणि म्हणालात, "जगन्नाथाला या ट्रिपचं सांगू नकोस. तो बिचारा घरी बसलाय, त्याला लागेल." मी बाबांना मरेपर्यंत सांगितलं नाही. तुमचा मोठेपणाच वाटला होता मला तो.

त्याच पानावर पुढे लिहिलं आहे: खात्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याने पंप चाचणीत कमी पडले म्हणून प्रमाणपत्रावर सही करायचं नाकारलं. 'अधिकारी दोन'ने कंपनीच्या एजंटला कळवलं, की "ही अडचण पंधरा दिवसांत दूर होईल." तारीख एकोणतीस ऑक्टोबर शहाण्णव. बाबांवर धाड बारा नोव्हेंबरला पडली. चौदा दिवसांत. काम वेळेच्या आधी केलंत.

तरीही माझं मन मानेना. लाच घेतली असेल, पण निनावी अर्ज काकांनी केला नसेल, असं मी स्वतःला बजावत राहिले. शेवटी मिरजेला आईला सगळं फोनवर सांगितलं. तिने तारखा लिहून घेतल्या. दुसऱ्या दिवशी मीनाक्षीमावशीला बरोबर घेतलं आणि माहितीच्या अधिकाराखाली अर्ज टाकला, की माझ्या नवऱ्याच्या चौकशीची संपूर्ण फाईल मला हवी. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. पहिल्यांदा गोपनीय म्हणून नाकारलं. तिने अपील केलं. सुनावणीला गेली तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारलं, आजी, माणूस जाऊन सात वर्षं झाली, आता कशाला? ती म्हणाली, "त्यांचा निकाल लागलेला नाही. मी अजून आरोपीची बायको आहे." सप्टेंबरात तिला शिक्का मारलेल्या प्रती मिळाल्या. बाबांना पाच वर्षांत एकदाही न दाखवलेला तो निनावी अर्ज त्यात होता.

आईने मला फोन केला आणि फक्त पहिली ओळ वाचली. "श्री कनकादित्य प्रसन्न." मला वाटलं, तुमचंच एखादं पत्र तिच्या हातात आहे. मी म्हटलं, काकांचं पत्र नंतर वाच गं, आधी अर्ज वाच. ती म्हणाली, "सुचे, हाच अर्ज आहे."

अक्षर तुम्ही बदललं होतंत. डाव्या हाताने लिहिल्यासारखं वेडंवाकडं, शाई काळी, खाली सही 'एक त्रस्त नागरिक'. देवघराखालचा कप्पा, पंचांगांच्या मागची जागा, सगळं बरोबर. सगळी काळजी घेतलीत आणि वर देवाला बसवायचं मात्र चुकला नाहीत. त्या ऑफिसात व्यंकटेश होते, तुळजाभवानी होत्या, जोतिबा होते. कनकादित्य एकट्या तुमचा. बाबांच्या प्रत्येक जबाबाच्या कच्च्या कागदावरही तोच आहे, आईने ते सगळे जपून ठेवले आहेत. एका माणसाला खड्ड्यात घालायचा अर्ज आणि त्याला वर काढायचे जबाब, दोन्ही एकाच देवाच्या साक्षीने लिहिलेत. तेव्हाही हात आपोआपच चालला का हो?

मला राग येतो, हे वाक्य फार छोटं आहे. बाबांना तुमच्या हाताने अग्नी मिळाला, या एका गोष्टीसाठी मी तुम्हाला कधीच क्षमा करणार नाही. आई म्हणते, देव बघून घेईल. मी तिला सांगितलं, देवाला यात ओढू नकोस, त्याला आधीच साक्षीदार केलेलं आहे.

तो कोट मी अकरा हिवाळे वापरला. गेल्या रविवारी देणगीच्या पेटीत टाकून आले. अदिती म्हणाली, "बट मॉम, इट्स अ गुड कोट." मी म्हटलं, हो, कोटाची काही चूक नाही.

तर आता तुम्ही मागितलेल्या पत्राविषयी. या पत्राचा एक कच्चा खर्डा मी केला होता. त्यात लिहिलं होतं, की खात्याकडे जाऊन स्वतःच्या हाताने खरं लिहून द्या, बाबांचं नाव निर्दोष म्हणून लागू द्या, मग मी गप्प बसेन आणि निमंत्रणही पाठवेन. वाचून पाहिलं आणि फाडला. तुम्ही मला काही द्यायचं, मी तुम्हाला काही द्यायचं आणि फाईल पुढे सरकवायची, हे मला बाबांच्या नावाने करायचं नव्हतं. म्हणून जे करायचं ते करून मगच तुम्हाला कळवते आहे. भ्रष्ट परदेशी अधिकाऱ्याला, मग तो निवृत्त का असेना, या देशात प्रवेश नाकारता येतो, असा इथल्या राष्ट्राध्यक्षांचा आदेश २००४ पासून आहे. मुंबईच्या वकिलातीला मी सोमवारी नऊ पानं पाठवली. सतरावं पान, निनावी अर्जाची प्रत, नायगाऱ्यापुढे काढलेला तुमचा आणि काकूंचा तारखेसकट फोटो, आणि मला मिळालेल्या कोटाची माझी स्वतःची कबुली. कनकादित्याचा नमुना म्हणून तुमचं हे ताजं पत्रही जोडलं आहे. तोच संच आईने खात्याच्या सचिवांना आणि लाचलुचपतवाल्यांना स्वतःच्या हाताने नेऊन दिला, पोच घेतली. व्हिसा नाकारतीलच असं नाही. पण त्या खिडकीपलीकडचा माणूस तुम्हाला सत्त्याण्णवच्या मे महिन्याविषयी विचारेल, आणि काकू तुमच्या शेजारी उभ्या असतील. सुशांतला मी यातलं काहीही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. खालची खोली तयार आहे आणि बारशाला आजोबा का येत नाहीत, हे तो विचारेलच. त्याला उत्तर तुम्ही लिहायचं आहे, तुमच्या स्वतःच्या अक्षरात. वर कुणाचं नाव घालायचं, ते मात्र या वेळी विचार करून घाला.

तुमच्या मांडीवर वाढलेली, पण आता फक्त जगन्नाथ अभियंत्याची मुलगी,
सुचित्रा