व्हॅनला मोठे टायर

३ मार्च, सोमवार
व्हॅनला मोठे टायर घातले. काय दिसतेय! मेकॅनिक म्हणाला, पिकअप मरेल, ब्रेक लांब लागेल. म्हटलं, तू नट आवळ. बायको म्हणाली, म्हातारी माणसं चढणार कशी? तिलाही व्हॅन चालवता येते, म्हणून टायरातलं कळतं असं नाही.

४ मार्च, सकाळी ९.४०
व्यायाम केंद्राच्या सहा आजी-आजोबांना रोज मीच नेतो. आज सगळ्यांना चढायला स्टूल लागलं. वीस मिनिटं उशीर. दोष अर्थातच स्टुलाचा.

५ मार्च
दवाखान्याजवळचा चढ. फर्स्ट गिअर, अॅक्सिलरेटर तळापर्यंत. सायकलवाला पुढे गेला. सहा जणांतले रिटायर्ड हेडमास्तर म्हणाले, मी जरा पाय मोकळे करतो. उतरले. वर भेटले तेव्हा त्यांचा घाम पुसून झाला होता.
भारदस्त गाडी घाई करत नाही, हे लोकांना कोण सांगणार!

७ मार्च
सिग्नलला ब्रेक दाबला. व्हॅन थांबली, पण पट्टे ओलांडून. मागच्या सीटवरच्या आजींचा चष्मा डॅशबोर्डवर आला. ब्रेक उत्तम आहेत, सिग्नलच जरा अलीकडे लावलाय.
संकल्प: यापुढे एक दुकान आधी ब्रेक.

१० मार्च
पोलिसाने अडवलं. माझा काटा चाळीसवर, त्याचं यंत्र पंचेचाळीस दाखवतंय. म्हटलं, यंत्र दुरुस्त करा. तेवढ्यात हेडमास्तर मागून शिकवायला लागले: चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त अंतर जातं, आणि काटा बिचारा फेरेच मोजतो. पोलिस म्हणाला, आजोबा बरोबर बोलतायत. घरचा भेदी!

१२ मार्च
केंद्राच्या मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, आणखी एक धक्का बसला तर वहिनी गाडी चालवतील. त्या स्टिअरिंगशिवाय मी सकाळी उठून करणार काय?
बायको म्हणाली, जुने टायर लाव, विषय संपला. म्हणजे मेकॅनिकने दात काढायचे! छे.

१४ मार्च
आज दोन दुकानं आधी ब्रेक दाबायचं ठरवलं. पण दुकानं मोजता मोजता केंद्राचं गेट आलं. वॉचमन वेळेवर उडी मारून वाचला. व्हॅन थेट गुलाबाच्या वाफ्यात. वाफा आजी-आजोबांनी स्वतःच्या हातांनी केलेला. हेडमास्तर खाली उतरून मोडलेल्या फांद्या बघत उभे राहिले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

१७ मार्च, सोमवार
बायकोने जुने टायर बसवून आणले. मेकॅनिकने दात काढलेच.
आज व्हॅन तिने चालवली. मला मागे बसवलं. दार उघडायचं, उतरताना हात द्यायचा. आठ मिनिटं आधी पोचलो. सगळ्यांकडून तिचं नको वाटावं इतकं कौतुक.
चष्मेवाल्या आजी उतरताना म्हणाल्या, आज रस्ता तरी बघायला मिळाला, एरवी मी डोळे मिटूनच बसते. मी विचारलं, ते मोठे टायर घातल्यापासून ना? त्या म्हणाल्या, नाही रे बाबा, तू गाडी चालवायला लागल्यापासून.
मग माझी पाठ थोपटली. दार मात्र छान उघडतोस म्हणाल्या.