खालच्या दोन खोल्या

अहिल्यानगर,
१४ मार्च २०२५

चि. केदारला आईचे आशीर्वाद.

फोनवर बोलायचं तेच राहून जातं, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. गुडघा तेवढा कुरकुरतो.

तुझ्या दवाखान्यासाठी खालच्या खोल्या हव्यात म्हणून सोमवारी वकिलांकडे गेले होते. म्हणाले, "सरवरीबाई बावीस वर्षं वेळेवर भाडं देतात, मोडतोड नाही. खोल्या खाली करून घ्यायला जागेची खरी गरजच दाखवावी लागेल. मुलगा इथे येऊन दवाखाना टाकणार, असं प्रतिज्ञापत्र करा. तरी कोर्ट बघेल, जास्त हाल कुणाचे होतात ते." मग चष्मा काढून म्हणाले, "आणि त्यांचं पाणी-लाईट तोडू नका. गुन्हा आहे तो."

मी मान हलवली.

केदार, आदल्या दिवसापासून खालच्या पाण्याचा व्हॉल्व्ह मीच बंद केला होता.

घरी येऊन आडवी झाले. हल्ली दुपारी जाग कुठली नि झोप कुठली, कळत नाही. खालून सरवरीच्या शिलाई मशीनचा आवाज येतो आणि मी त्यावर तरंगत राहते. तुझे बाबा अंगणात सायकल पुसताना दिसतात. तू लहान असतोस, ओल्या पायांनी घरभर फिरतोस. त्या दिवशी मशीन गप्प होतं, नि स्वप्नात सगळं अंगण कोरडं.

डोळे उघडले तर दारात सरवरी. कमरेवर हंडा.

"बाई, टाकीत पाणीच न्हाई वाटतं. फैयाजच्या घरून आणलं. तुमी जिना उतरू नका."

माझ्या माठात पाणी ओतून ती गेली. भाऊ फैयाज तीन गल्ल्या पलीकडे राहतो. मी कठडा धरत खाली गेले, व्हॉल्व्ह उघडला आणि तिथेच तिला सांगितलं, "मीच बंद केला होता."

"खोल्या पायजेत असं मला नुसतं सांगायचं हुतं, बाई," एवढंच ती म्हणाली नि दार लावून घेतलं. चार दिवस झाले, बोलत नाही. मी बोलायला लावलं तर तो घरमालकिणीचा धाकच होईल, म्हणून मीही गप्प आहे.

तू पाठवलेला माणूस मागच्या आठवड्यात टेप लावून सगळं घर मोजून गेला. दवाखान्यासाठी गच्ची कोण मोजतं रे? मी त्याला चहा दिला, तुला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस, त्याचीच भीती वाटली.

प्रतिज्ञापत्रावर मी सही केलेली नाही, करणारही नाही. तू राहायला येणार असशील तर ये. खोल्यांसाठी सरवरीपुढे मी स्वतः हात जोडीन. घर विकायचंच असेल, तर माझ्या समोर बसून तसं म्हण.

वाट बघणारी, पण खोटं न लिहिणारी,
तुझी आई
इंदू